विद्युत्-प्रज्योत आणि नेत्रपीडा : एका कारणमीमांसेचा इतिहास

वितळजोडकामातील प्रखर प्रकाशाने डोळ्यांस होणारी इजा त्या धंद्याहूनही जुनी आहे. बेनार्दोस याने कार्बन-प्रज्योतीने धातू सांधण्याची रीत १८८१ मध्ये दाखविली. तत्पूर्वी सुमारे दोन तपे, १८५८ मध्ये, पॅरिसचे वैद्य शार्को यांनी विजेने धातू वितळविण्याचे प्रयोग करणाऱ्या दोन रसायनज्ञांची नेत्रपीडा व त्वचेवरील लाली वर्णिली होती.

या पीडेचे कारण हाती लागण्यात दोन अडचणी होत्या. पहिली काळाची. प्रज्योत पाहताना डोळे दिपतात, दुखत नाहीत. बहुधा सहा ते बारा तासांनी, म्हणजे दिवसपाळीच्या कामगारास रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड साहवत नाही. पुढे एकदोन दिवसांत स्वच्छमंडलाचा पृष्ठस्तर भरून येतो आणि झाले गेले विसरले जाते. दुसरी अडचण समजुतीची. जे दिपविते वा भाजते तेच बाधक, असे मन सहज मानते. वस्तुतः जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण रिटर याने १८०१ मध्येच शोधले होते. शार्को यांनी दोष उष्णतेस न देता या ‘रासायनिक’ किरणांस दिला. स्टॉकहोमच्या विडमार्क यांनी १८८९ मध्ये तो पक्ष प्रयोगांनी दृढ केला.

तथापि वैद्यकात ‘विद्युत्-नेत्राभिष्यंद’ हेच नाव रूढ झाले. त्यात साधनाचा निर्देश आहे, कारणाचा नाही. बर्फाळ प्रदेशातील हिमांधता हा त्याच जंबुपार किरणांचा विकार होय, आणि तेथे विजेचा संबंध नाही. ही सजातीयता त्या नावाने झाकली गेली.

उपाययोजनेतही हाच विवेक आवश्यक ठरला. काचकामगारांच्या मोतीबिंदूसंबंधी क्रुक्स यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, कोणती काच कोणते किरण अडविते याची पद्धतशीर परीक्षा होती. केवळ काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे. ती जंबुपार किरण अडवीत नसेल, तर तिच्याआड विस्फारलेल्या बाहुलीतून अपायच अधिक.

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३५ ने अतिप्रकाशापासून नेत्ररक्षणाची तरतूद केली. पुढे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वितळजोडातील जंबुपार किरणांची गणना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. डोळ्यातील कृष्णकर्कट हा त्यामागील आधार होता. तात्पर्य, वेदना हा येथे विश्वासू पहारेकरी नाही. ती उशिरा येते, लवकर जाते, आणि जवळ उभ्या असलेल्या मदतनिसास तर मुळीच सावध करीत नाही.