म्हैस मराठी, सौदा फारसी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एसटी घोडेगावला थांबली की बरेच प्रवासी शनिशिंगणापूरला जाण्यासाठी उतरतात. मला या गावाचे आकर्षण वेगळ्या कारणाने आहे. इथे म्हशींचा मोठा बाजार भरतो आणि भाषांच्या इतिहासात रस असणाऱ्याला तिथे तासभर नुसते उभे राहिले तरी पुष्कळ ऐकायला मिळते.

म्हशीबद्दल बोलणे चालते तेव्हा शब्द गोठ्यातले असतात. गाभण आहे की भाकड, कितवे वेत, कास कशी आहे, सड चारही चालू आहेत ना, मागे रेडकू आहे का. हे सगळे मराठी. पण बाजार, सौदा, दलाल, किंमत, नफा, हिशेब हे शब्द फारसीतून आलेले, त्यातले काही मूळचे अरबी. आणि पैसे देण्याची वेळ आली की ‘पेमेंट’ आणि ‘स्कॅनर’ निघतात. परप्रांतातून आलेला व्यापारी असेल तर मध्ये हिंदीही येते. भाव पक्का करण्यासाठी तर जुन्या पद्धतीत भाषाच लागत नाही; उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटे दाबली की काम झाले! एका व्यवहारात इतक्या भाषा येतात आणि कुणालाही आपली भाषा बुडाली असे वाटत नाही.

मराठीचे भवितव्य काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा शब्दांवरून दिले जाते. इंग्रजी शब्द किती शिरले, एवढेच मोजायचे. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या खात्यावर मांडलेला आहे. भाषा कोणते काम करते, हे पाहायला हवे.

या नगर भागाचेच उदाहरण घ्या. घोडेगाव ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे 1490 पासून 1636 पर्यंत निजामशाही नांदली आणि दरबाराची भाषा फारसी राहिली. पण गावच्या जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब कुलकर्णी मराठीतच, मोडी अक्षरात, लिहीत होता. दख्खनच्या सुलतानांची फारसी-मराठी अशी दुभाषी फर्मानेही सापडतात. खालपर्यंत हुकूम पोचवायचा तर मराठीवाचून गत्यंतर नव्हते. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी आज आपण अर्ज, वकील, जमीन, जिल्हा, तहसील म्हणतोच. फारसी गेली, शब्द ठेवून गेली. मराठीचे फारसे बिघडले नाही, कारण दफ्तर आणि कीर्तन ही दोन्ही ठाणी तिच्या ताब्यात होती.

1818 नंतरची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. घोडेगावहून त्याच रस्त्याने पुढे गेले की प्रवरासंगमला गोदावरी लागते. पूल ओलांडला की कायगाव. आज हे अंतर काही मिनिटांचे आहे, पण 1947 पर्यंत नदीच्या अलीकडे इंग्रजांचे राज्य आणि पलीकडे, 1948 पर्यंत, निजामाचे. दोन्ही काठांवर बोली मराठीच, वरची भाषा मात्र वेगळी. अलीकडे इंग्रजी आली तरी खालच्या शाळा मराठीत राहिल्या. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. उच्च शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे यावर मुंबईच्या शिक्षण मंडळात 1847 च्या सुमारास चांगलीच जुंपली. अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या. पेरींची बाजू वरचढ ठरली, हे सांगायला नकोच. नगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मात्र 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ मराठीत सुरू केले, कारण वाचक मराठी होता.

पलीकडे निजामाने उर्दूला राज्यभाषा केले आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभारले. विज्ञान, वैद्यक, सारे उर्दूत शिकवायचे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच काढले. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे या विद्यापीठाने सिद्ध केले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र संस्थानातल्या बहुसंख्य रयतेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. 1948 मध्ये संस्थान गेले आणि विद्यापीठाचे माध्यमही बदलले. उर्दू घरांत, शाळांत, मुशायऱ्यांत आजही जिवंत आहे. कचेरीतली जागा मात्र गेली. त्याची किंमत किती असते, ते 2023 मध्ये दिसले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. पणजोबांचे नाव कागदावर आहे, पण पणतूला ते वाचता येत नाही.

असेच दूर फिलिपाइन्समध्येही घडले. तिथे स्पॅनिश तीनशेहून अधिक वर्षे राज्याची भाषा होती. 1898 नंतर अमेरिकन आले आणि शाळा इंग्रजीत भरू लागल्या. 1987 च्या राज्यघटनेत अधिकृत भाषांमधून स्पॅनिश वगळली गेली. तागालोग बोलणारा माणूस घड्याळातली वेळ आणि बाजारातला भाव मात्र आजही अनेकदा स्पॅनिश आकड्यांत सांगतो. आपल्या दलाल आणि सौद्यासारखेच हे. पण शाळेतली इंग्रजी तिथे टिकून राहिली, आणि मला सावध व्हावेसे वाटते ते इथे.

फारसी कचेरीपर्यंत आली होती. इंग्रजी पहिलीच्या वर्गात आहे. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी विषय आला, त्याला माझा विरोध नाही. इंग्रजी यायलाच हवी. ‘सेमी इंग्लिश’ची गोष्ट निराळी. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे मराठीत. म्हणजे मोजायचे, पडताळायचे, कारण शोधायचे काम एका भाषेकडे आणि कविता व सणावरचे निबंध दुसरीकडे. शेतकऱ्याच्या मुलाला ‘एरिया’ काढता येतो, पण वडिलांच्या सातबाऱ्यावरचे ‘क्षेत्र’ म्हणजे तेच, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून वादळ उठले आणि जूनअखेर शासनाने ते निर्णय मागे घेतले. वाद तिसऱ्या भाषेचा होता. पहिली आणि दुसरी एकमेकींशी कशी जोडायची, यावर मात्र फार थोडे बोलले गेले. 2022 मध्ये पहिलीच्या पुस्तकांत मराठीसोबत इंग्रजी शब्द देण्याचा प्रयोग झाला होता. तसेच दोन्ही शब्द आठवी-नववीच्या भूमितीत आणि रसायनशास्त्रात शेजारी शेजारी छापावेत आणि उत्तर कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा द्यावी. खर्च शाईचा आहे, आणि थोडा शिक्षकांच्या तयारीचा.