वक्ष-कर्करोगतज्ज्ञ

फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरणातून उद्भवणारा मेसोथेलिओमा यांचे निदान व उपचार करणारा विशेषज्ञ डॉक्टर. भारतात या नावाची एकच पदवी नाही. श्वसनरोग, वक्षशल्यचिकित्सा, औषधोपचार व किरणोपचार या शाखांचे डॉक्टर वेगवेगळ्या वाटांनी या कामात येतात.

शिक्षण : अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस., त्यानंतर तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. आणि अतिविशेष शाखेसाठी आणखी तीन वर्षांचे डी.एम. किंवा एम.सीएच. अशी ही साडेअकरा वर्षांची वाट आहे. श्वसनरोग व किरणोपचार या शाखांत एम.डी.नंतरच स्वतंत्र काम सुरू करता येते.

इतिहास : 1933 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगग्रस्त फुप्फुस एका शस्त्रक्रियेत संपूर्ण काढून टाकले. 1950 मध्ये त्यांनी अर्न्स्ट वाइंडर यांच्यासह धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. स्वतः सिगारेट ओढणारे ग्रॅहम 1957 मध्ये याच रोगाने निधन पावले. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस वॅग्नर व सहकाऱ्यांनी खाणींच्या परिसरातील रुग्णांच्या अभ्यासातून मेसोथेलिओमा व ॲस्बेस्टॉस यांचा दुवा उघड केला. मुंबईत परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

कार्य : महिनोन्महिन्यांचा खोकला, थुंकीतून रक्त, घटणारे वजन ही लक्षणे क्षयाचीही असल्यामुळे अनेक रुग्ण क्षयाची औषधे घेऊन उशिरा येतात. सीटी स्कॅन, श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी व ऊतीचा तुकडा काढून केलेली तपासणी यांवर निदान ठरते. पुढील उपचार शल्यचिकित्सक, औषधोपचारतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून ठरवतात. गाठीतील जनुकीय बदल पाहून औषध निवडण्याची पद्धत आता रुळली आहे. टाटा स्मारक रुग्णालयात वनिता नरोन्हा, कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या 350 रुग्णांवर चाचणी घेतली. जेफिटिनिबच्या जोडीला रसायनोपचार दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ 8 महिन्यांवरून 16 महिन्यांवर गेला.

मेसोथेलिओमाच्या उपचारांचे यश तोकडे आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य 9.3 महिन्यांवरून 12.1 महिने झाले. फुप्फुसावरणात साठलेले पाणी काढून धाप कमी करणे, वेदना शमवणे हाही उपचाराचा मोठा भाग असतो.

व्यवसायाचा पूर्वेतिहास : ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यावर मेसोथेलिओमा प्रकट होण्यास बहुधा 20 ते 50 वर्षे लागतात. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा कारखाना सुटून कित्येक वर्षे झालेली असतात. म्हणून ‘सध्या काय करता’ एवढ्यावर न थांबता तरुणपणापासूनचे प्रत्येक काम विचारावे लागते : सिमेंटचे पत्रे, ब्रेकचे अस्तर, बॉयलरचे उष्णतारोधन, जहाजतोडणी. कामावरचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याचे आढळले आहे. तंबाखू व ॲस्बेस्टॉस एकत्र आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध आढळलेला नाही.

रायगड जिल्ह्यातील रुग्णांना जवळचे विशेष केंद्र म्हणजे टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील ॲक्ट्रेक. पनवेल–रोहे लोहमार्गावरील जिते येथून येणारा रुग्ण पनवेलमार्गे तेथे पोहोचतो. सोबत जुनी क्षकिरण चित्रे आणि नोकरीची कागदपत्रे असल्यास निदानाबरोबर भरपाईच्या दाव्यालाही आधार मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपणे मालकावर बंधनकारक आहे.