निंबकर, चंदा : शोधनिबंध आणि त्यांचा प्रभाव

पशुआनुवंशिकीतील महाराष्ट्रीय संशोधक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (नारी) पशुसंवर्धन विभागाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. ही संस्था त्यांचे वडील बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. आई जाई निंबकर या इंग्रजी कादंबरीकार, तर आजी इरावती कर्वे. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता दख्खनी मेंढी.

नीरेच्या एका तीरावर बारामती-इंदापूर, दुसऱ्या तीरावर फलटण-माळशिरस. आता कालव्याचे पाणी आणि ऊस आला असला, तरी हा मुलूख मुळात पर्जन्यछायेचा, धनगरांच्या वाड्यांचा. तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, ते या पशुपालनाचेच दर्शन. इथल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते, जुळी विरळा. लोकरीला भाव नाही, त्यामुळे मेंढपाळाचा संसार कोकरांच्या विक्रीवर चालतो.

त्यावर उपाय सुंदरबनात होता. तिथली गरोळ मेंढी जेमतेम १०-१४ किलोंची, पण दोन-तीन कोकरे सहज देणारी. बी. व्ही. निंबकर आणि प्रदीप घळसासी यांनी १९९३ मध्ये तिची ओळख करून देणारा निबंध लिहिला आणि त्याच सुमारास गरोळ फलटणला आणली. पुढे १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या (एसीआयएआर) साहाय्याने न्यू इंग्लंड व मेलबर्न विद्यापीठे, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नारी यांचे एकत्रित काम सुरू झाले.

२००१ मध्ये फ्रान्स, न्यूझीलंड व स्कॉटलंडमधील तीन गटांनी, एकाच वर्षी, ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढीच्या बहुप्रसवतेचे रहस्य उलगडले. सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर१बी जनुकात एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनातील २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. या बदललेल्या जनुकाचेच नाव फेकबी. आठ देशांतील मेंढ्यांच्या डीएनए चाचणीवर आधारलेला निबंध २००२ मध्ये आला. त्यात गरोळमध्येही हाच बदल सापडला. बुरुलाचा वारसा बंगालकडून ऑस्ट्रेलियात गेला असावा, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. फलटणच्या कामाला याचा थेट उपयोग झाला. नर मेंढ्याला स्वतः कोकरे होत नाहीत, पण आता रक्ताच्या नमुन्यावरून त्याच्याकडे जनुक आहे की नाही, हे कोवळ्या वयातच ठरवता येऊ लागले.

निंबकर यांचे लेखन या टप्प्यांबरोबर पुढे सरकते. २००३ मध्ये ‘ॲनिमल सायन्स’मध्ये दख्खनी, बन्नूर आणि गरोळसंकरित कोकरांची वाढ व जंतप्रतिकार, २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये भारतीय मेंढ्यांच्या उत्पादकतेत फेकबीची भूमिका (वर्षा परदेशी व विद्या गुप्ता यांच्यासह), २००८ मध्ये पशुआनुवंशिक संपत्तीच्या शाश्वत वापराविषयीचा आंतरराष्ट्रीय सहलेखकांसोबतचा निबंध, आणि नोव्हेंबर २००८ मधील पुण्याच्या कार्यशाळेचा वृत्तांत, एसीआयएआरच्या परिषद-वृत्तांत मालिकेतील १३३ वा ग्रंथ (२००९), ज्याच्या संपादकांत त्या आहेत.

उद्धरणांच्या हिशेबात २००१ च्या मूळ निबंधांचे पारडे जड. त्यांचा उल्लेख जगभरात शेकड्यांनी होतो. हू व हान मेंढ्यांत हेच जनुक आढळल्याने चीनमधून विशेष. लेखकाचा प्रभाव मोजण्यासाठी होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एच-निर्देशांकात लेखकाच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे असली, की निर्देशांक दहा होतो. कळपात पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून मिळालेले निष्कर्ष या मोजणीत मागे पडतात, कारण एक प्रयोग पुरा व्हायला काही वर्षे लागतात आणि निबंध मोजकेच निघतात. परिषदांचे वृत्तांत आणि क्षेत्रीय अहवाल तर उद्धरणसूचींत अनेकदा येतच नाहीत.

प्रभावाची दुसरी नोंद मेंढपाळांच्या वाड्यात आहे. जनुकाची एक प्रत असलेल्या दख्खनी संकरित मेंढीला एका वेतात सरासरी सुमारे दीड कोकरू होते. या कामातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला आणि महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही पोहोचला. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गरोळचेच जनुक मालपुरा व पाटणवाडी जातींत आणून ‘अविशान’ मेंढी तयार केली.