आमेरचा पूर्णचंद्र

आमेर हे नाव मराठी माणसाच्या कानी पडते ते बहुधा मिर्झाराजा जयसिंगाबरोबर, १६६५ च्या पुरंदरच्या तहाच्या प्रसंगाने. त्याच घराण्यातील सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये जयपूर वसवून राजधानी आमेरहून तिकडे नेली. त्याच्या मोहिमाही थोड्या नव्हत्या. परंतु आपल्याला आज त्याच्या आकाशाशीच कर्तव्य आहे.

त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित होता. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्याने अरबीतून संस्कृतात आणला. पुढे राजाने पोर्तुगालला माणसे धाडून युरोपातील कोष्टके मिळविली. ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची ती कोष्टके वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे किती? पूर्णचंद्राच्या बिंबाची रुंदी जवळजवळ तेवढीच असते.

आमेरच्या तटावर उगवलेला चंद्र डोळ्यांना परातीएवढा भासतो. पण ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग त्याचे जे बिंब उमटविते, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. हौशी छायाचित्रकाराची पहिली निराशा ती हीच.

दुसरी अडचण प्रकाशाची. याच घराण्यातील सवाई रामसिंग दुसरा (कारकीर्द १८३५ ते १८८०) स्वतः छायाचित्रे घेत असे. जनान्यातील स्त्रियांचीही चित्रे त्याने घेतली. त्याच्या काचा जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात जपलेल्या आहेत. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप देऊन, ती ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावे लागे. अवधी सुमारे दहा-पंधरा मिनिटांचा. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या मानाने सुमारे चार लाख पटींनी मंद असते. उन्हातल्या किल्ल्याला पाच सेकंद लागत असतील, तर चांदण्यातल्या किल्ल्याला वीस लाख सेकंद, म्हणजे तेवीस दिवस हवेत! तोवर अमावास्याही होऊन गेलेली असावयाची. त्या शतकातील ‘चांदण्यातली’ म्हणून मिरविलेली कित्येक चित्रे म्हणूनच भर दिवसा, सूर्याकडे तोंड करून घेतलेली आहेत.

चंद्राचे तसे नाही. तो उन्हात न्हालेला खडकच आहे. म्हणून न्यूयॉर्कच्या ड्रेपरला १८४० मध्येच, आणि हार्वर्डच्या मोठ्या दुर्बिणीतून व्हिपल व बाँड यांना १८५१ मध्ये, त्याची चित्रे साधली. किल्ला आणि चंद्र या दोघांना एकाच काचेवर आणणे, हेच खरे अवघड. आजच्या फिल्मला वा यंत्रालाही हा भेद पुरता मिटविता आलेला नाही: किल्ल्यापुरता प्रकाश घ्यावा तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो, आणि चंद्र सांभाळावा तर तट अंधारात बुडतो.

यावर उपाय पंचांगातच आहे. आमेरचा सूरजपोल पूर्वेला आणि चांदपोल पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र मात्र सूर्यास्ताच्या सुमारास सूरजपोलाच्या बाजूने वर येतो आणि पहाटे चांदपोलाकडे उतरतो. पूर्वेकडे, मावठा तलावाच्या बाजूला उभे राहिले, तर सकाळी कोवळे ऊन तटावर पडते आणि चंद्र राजवाड्यामागे उतरत असतो. त्या थोड्या वेळात दोघांनाही एकच प्रकाश पुरतो. पाठीमागे जयगडाचा डोंगर असल्याने चंद्र क्षितिजापूर्वीच त्याआड होतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा मावळतो. म्हणून पौर्णिमेपेक्षा प्रतिपदेची सकाळ अधिक सोयीची.