ऋण काढून सण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ नांवाचें बंदर आहे. ब्रिटिश आरमाराचें तें जुनें ठाणें. गोदींत राबणाऱ्या कामगारांच्या या शहरांत १८९८ सालीं एक फुटबॉल-क्लब स्थापन झाला. १९३९ सालीं त्यानें मानाचा एफ. ए. चषक जिंकला, लागलीच महायुद्ध सुरू होऊन स्पर्धा थांबली, आणि तो चषक सात वर्षें त्याच्याचपाशीं राहिला. १९४९ व १९५० अशीं लागोपाठ दोन वर्षें लीगचें अजिंक्यपदहि त्याला लाभलें. अशा क्लबावर एकविसाव्या शतकांत दोनदां नादारीची पाळी यावी, आणि अखेरीस चाहत्यांनींच पदरमोड करून तो विकत घ्यावा, ही कथा केवळ खेळाच्या वर्तुळापुरती नाहीं. प्रतिष्ठा मोठी कीं पत मोठी, हा प्रत्येक घराला केव्हांना केव्हां पडणारा प्रश्न तींत उभा आहे.

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना जिन्यासारखी आहे. १८८८ सालीं बारा क्लबांनीं मिळून लीग स्थापन केली. पुढें तिच्या दोन श्रेणी झाल्या, आणि १८९८ सालीं, म्हणजे पोर्टस्मथच्या क्लबाच्या जन्मवर्षींच, असा नियम ठरला कीं, वरच्या श्रेणींत तळाशीं राहणाऱ्या संघांनीं आपोआप खालीं उतरावें व खालच्या श्रेणींतील अग्रेसरांनीं त्यांची जागा घ्यावी. या व्यवस्थेंत कोणाचेंहि आसन वतनी नाहीं, हा तिचा मोठा गुण. क्लबाच्या मालकीकडे कोणी किफायतीचा धंदा म्हणून पाहूं नये, अशीहि त्या काळीं दक्षता असे. भागधारकांना वांटावयाच्या नफ्यावर फुटबॉल असोसिएशननें मर्यादा घातली होती, आणि संचालकांना वेतन घेण्याची मनाई होती. १९८३ सालीं टॉटेनहॅम क्लबाची मालकी एका पालक-कंपनीकडे देऊन तिचे भाग शेअर-बाजारांत विकण्यांत आले, तेव्हां या जुन्या बंधनाला वळसा पडला. १९९२ सालीं वरच्या श्रेणीची प्रीमियर लीग वेगळी निघाली आणि टेलिव्हिजनच्या पैशाचा ओघ तिच्याकडे वळला. जेथें पूर्वीं पायरी होती, तेथें आतां कडा तयार झाला. खालीं उतरल्यानें केवळ मानच जाई असें नाहीं. उत्पन्नाचा मोठा भागहि एका उन्हाळ्यांत नाहींसा होऊं लागला.

या कड्याच्या भीतीनें अनेक क्लबांची बुद्धि फिरली. खालीं जाऊं नये म्हणून खर्च करा, हा उपदेश सर्वांना पटे. तो खर्च कोठून करावयाचा, हें विचारणारे थोडे. लीड्स युनायटेडनें २००१ सालीं पुढील पंचवीस वर्षांच्या तिकिटविक्रीच्या तारणावर सहा कोटि पौंड उभे केले. २००४ सालीं तो क्लब वरच्या श्रेणींतून गळाला आणि २००७ सालीं तिसऱ्या श्रेणींत पोंचला. पेरणीआधींच पीक गहाण टाकणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याची गत झाली. हें उदाहरण डोळ्यांसमोर असतांहि पोर्टस्मथनें तीच वाट धरली.

२००३ सालीं प्रीमियर लीगमध्यें आलेल्या या क्लबाची मालकी २००६ सालीं अलेक्झांडर गायडामाक यांच्याकडे गेली. नामांकित खेळाडू आणले गेले. त्यांचीं वेतनें क्लबाच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. २००८ सालीं कार्डिफ सिटीचा एका गोलानें पराभव करून संघानें एफ. ए. चषक पुन्हां पोर्टस्मथला आणला. शहरानें आनंदोत्सव केला. परंतु तो सण ऋण काढून केलेला होता. मालकाकडून येणारा पैसा आटला, आणि २००९-१० या एकाच हंगामांत क्लबानें चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार थकले. फेब्रुवारी २०१० मध्यें, नादारीमुळें प्रशासकाच्या हातीं जाणारा प्रीमियर लीगमधील पहिला क्लब अशी नामुष्की त्याच्या वांट्याला आली. दंड म्हणून नऊ गुण कापले गेले आणि संघ तळाशीं राहून खालीं उतरला.

देणें दहा कोटि पौंडांच्या वर गेलें होतें. लीगच्या नियमाप्रमाणें खेळाडू व इतर क्लब यांचें देणें पूर्णपणें फेडल्याखेरीज क्लबाला आपली जागा राखतां येत नसे. बाकीच्या धनकोंना पौंडामागें वीस पेन्स देण्याचें ठरलें. या बाकीच्यांत सरकारचें करखातें होतें, लहानसहान व्यापारी होते, आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही प्रथमोपचार करणारी सेवाभावी संस्थाहि होती. लाखोंचीं वेतनें घेणाऱ्यांचें घेणें सुरक्षित राहिलें. जखमेवर पट्टी बांधणाऱ्यांचें बुडालें.

फेब्रुवारी २०१२ मध्यें नादारी दुसऱ्यांदां आली. पुन्हां गुण कापले गेले, आणि क्लब प्रथम तिसऱ्या, मग २०१३ सालीं चौथ्या श्रेणींत घसरला. नव्या धनिकाची वाट पाहावयाची, कीं स्वतः पुढें व्हावयाचें, असा प्रश्न चाहत्यांपुढें होता. त्यांनीं 'पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट' या आपल्या संस्थेमार्फत एक हजार पौंडांचा एक भाग ठरविला. ज्यांना तो एकट्यानें झेपेना, त्यांनीं मित्रमंडळींत मिळून घेतला; कांहीं सधन चाहत्यांनीं मोठ्या रकमा दिल्या. दोन हजारांहून अधिक भागधारक झाले. फ्रॅटन पार्क या मैदानावर पूर्वीच्या एका मालकाचा बोजा होता. तो वाद उच्च न्यायालयांत तडजोडीनें मिटला, आणि एप्रिल २०१३ मध्यें क्लब चाहत्यांच्या हातीं आला.

आतां विजयाचें आमिष दाखविणारा कोणी नव्हता. तरीहि चौथ्या श्रेणींतील त्या पहिल्या हंगामासाठीं दहा हजारांहून अधिक लोकांनीं सबंध वर्षाचीं तिकिटें आगाऊ घेतलीं. वर चढण्याची घाई न करितां २०१४ सालीं जुनीं देणीं चुकतीं करण्यांत आलीं. गमावलेली श्रेणी पुन्हां मिळवितां येते, क्लबच बुडाला तर कांहींच उरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. दोनदां एफ. ए. चषक जिंकलेला बरी हा क्लब २०१९ सालीं आर्थिक कुवत सिद्ध करूं न शकल्यानें लीगमधून काढला गेला, तेव्हां या शहाणपणाचें मोल सर्वांस कळलें.

मात्र काटकसर हें सर्व रोगांवरील औषध नव्हे. २०१७ सालीं संघ चौथ्या श्रेणीचा विजेता ठरला. पण जुन्या मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च हजार-हजार पौंडांच्या वर्गणीनें भागण्यासारखा नव्हता. अमेरिकन उद्योगपति मायकेल आयस्नर यांनीं खरेदीचा प्रस्ताव मांडला. कष्टानें मिळविलेली सत्ता पुन्हां एका धनिकाच्या हवालीं करावी काय? वाद कडाक्याचा झाला, आणि सुमारें ऐंशी टक्के मतें विक्रीच्या बाजूनें पडलीं. हा पराभव होता असें म्हणतां येणार नाहीं. २०१० सालीं मालक बदलत होते, तेव्हां चाहत्यांना कोणी विचारलें नव्हतें. या खेपेस कर्जमुक्त क्लब त्यांनीं स्वतःच्या मतानें, अटी पारखून दिला.

२०२४ सालीं पोर्टस्मथनें तिसऱ्या श्रेणीचें विजेतेपद मिळवून बारा वर्षांनीं दुसऱ्या श्रेणींत पुन्हां पाऊल ठेविलें. २०२५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून इंग्लंडमधील फुटबॉलसाठीं स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. क्लबांचे हिशेब आणि मालकांची लायकी तपासणें हें त्याचें काम. पोर्टस्मथच्या गोदी-कामगारांच्या वंशजांनीं जो धडा पदरचे पैसे मोजून घेतला, तो राज्यकर्त्यांच्या दप्तरांत नोंदला जाण्यास बारा वर्षें लागलीं.