शक्तिमानच्या चुका आणि माझी दोनशे पानी वही

तर मंडळी, आजचा विषय जरा पोरकट आहे. मावशी, तू वाचणार असशील तर आधीच सांगतो, यात साहित्य वगैरे काही नाही. शक्तिमान आहे.

चौसाळ्याच्या घराची डागडुजी चालली होती, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात जुनी पंचांगं, आजोबांच्या चष्म्याची घरं, माझं चौथीचं प्रगतिपुस्तक आणि एक दोनशे पानी वही. वहीवर मोठ्या अक्षरात 'शक्तिमान', खाली माझं नाव आणि त्याखाली 'हात लावू नये'. हात लावणारं घरात कोण होतं कुणास ठाऊक!

आत काय होतं ते सांगण्याआधी थोडा इतिहास. आमच्या घरातल्या नव्या पिढीला शक्तिमान म्हणजे मोबाइलवर फिरणारा विनोद एवढंच माहीत आहे.

दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं १३ सप्टेंबर १९९७ ला आणि संपलं २७ मार्च २००५ ला. साडेसात वर्षांत चारशेच्या वर भाग. दिग्दर्शक दिनकर जानी. मुकेश खन्ना शक्तिमानही आणि निर्मातेही. एरवी तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, 'आज की आवाज' नावाच्या वर्तमानपत्राचा बावळट फोटोग्राफर, पुढे आलेले दात आणि जाड चष्मा. त्याच वर्तमानपत्रात गीता विश्वास ही बातमीदार. पलीकडे काळोखाचा राजा तमराज किल्विष आणि त्याचा शास्त्रज्ञ डॉ. जॅकाल. आमच्या आठवणीतला शक्तिमान रविवारी दुपारी बाराचा. त्या वेळी चौसाळ्यात गल्लीत एक पोर दिसायचं नाही.

आमच्या आजीला मात्र ही मालिका वेगळीच दिसायची. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' (१९८८ ते १९९०) तिनं शेजारच्या वाड्यात बसून, पडद्याला हात जोडून पाहिलेलं. त्यात मुकेश खन्ना भीष्म होते. आणि किल्विष झालेले सुरेंद्र पाल? ते द्रोणाचार्य! त्यामुळे पहिल्यांदा शक्तिमान दिसला तेव्हा आजी म्हणाली, "आगं बया, भीष्म ह्यो. म्हातारपणी ह्याला काय सुचलं?" आणि किल्विष आला तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं. दोघं कौरवांकडून एकत्र लढलेले, आता एकमेकांच्या जिवावर का उठले, हे आम्ही तिला शेवटपर्यंत पटवून देऊ शकलो नाही. कंटिन्युइटीची चूक म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा आजीनं दाखवलं. फक्त तिची कंटिन्युइटी एका मालिकेपुरती नव्हती.

आम्ही पोरंही चुका काढायचो. शक्तिमान उडताना कडेला निळसर रेघ दिसायची. गरगर फिरण्याचं दृश्य दर वेळी तेच. मागचे ढगही ओळखीचे वाटायला लागले होते. गंगाधर फिरून शक्तिमान झाला की त्याचे दात कुठे जातात, यावर शाळेच्या ओट्यावर मारामारी झालेली आहे. आणि रोज शेजारी बसून काम करणाऱ्या गीताला नुसत्या चष्म्यामुळे तो ओळखू कसा येत नाही? (आमच्या गावात कुणी तोंडाला उपरणं गुंडाळून आलं तरी चालीवरून ओळखतात!)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गीता. सुरुवातीची गीता किटू गिडवानी होत्या. मग एका रविवारी गीता म्हणून दुसरीच बाई आली, वैष्णवी महंत. नाव तेच, नोकरी तीच, चेहरा दुसरा. आणि गंगाधरसकट कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

पुढे पुण्यात आल्यावर वाचायची सवय लागली तेव्हा कळलं, की हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत १९५२ ते १९५८ मध्ये सुपरमॅनची मालिका होती, जॉर्ज रीव्ह्ज त्यात सुपरमॅन. तिथंही वर्तमानपत्र आणि तिथंही बातमीदार बाई, लोइस लेन. पहिल्या हंगामात ती फिलिस कोट्स होती, दुसऱ्यापासून नोएल नील. गंमत म्हणजे नोएल नीलनं १९४८ आणि १९५० च्या सुपरमॅनच्या चित्रपट-मालिकांत तीच भूमिका आधीच केलेली होती. म्हणजे प्रेक्षकांच्या दृष्टीनं पहिली लोइस जाऊन दुसरी आली, आणि दुसरीच खरी पहिली! त्या मालिकेत मंडळी भागामागून भाग त्याच कपड्यांत दिसतात. पैसे वाचवायला एकाच ठिकाणची वेगवेगळ्या भागांतली दृश्यं एका दमात काढायचे. कपडे बदलले तर जोडणी जमणार नाही, म्हणून बदलायचेच नाहीत. उडण्याची दृश्यं तर पुन्हा पुन्हा तीच.

चूक होते ती अशी. आपण गोष्ट सरळ बघतो, पण ती तशी काढलेली नसते. आज सोमवारचा शेवट, उद्या मागच्या गुरुवारची सुरुवात. मधे नट आजारी पडतो, पैसे संपतात, कुणी सोडून जातं. बनवणारा जेवढं सांधता येईल तेवढं सांधतो आणि उरलेलं बघणाऱ्यावर सोडतो.

आता वहीकडे येतो.

चौसाळा कुठे आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की पाली, मग मांजरसुंब्याचा घाट, आणि त्याच्या पुढे आमचं गाव. आजूबाजूला बालाघाटचे डोंगर, सीताफळं भरपूर, पाणी कमी. त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातल्या वाड्या-तांडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळ्या ट्रकमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर. कारखान्याचा पट्टा पडला की परत, म्हणजे पाडव्याच्या मागेपुढे.

माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर असाच एक दोस्त होता. त्याचं नाव लिहीत नाही, तो गावातच असतो. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "तेवढं शक्तिमानचं ध्यानात ठिव. आल्यावर सांग." ध्यानात राहणार नाही म्हणून मी वही केली.

दर रविवारी एक पान. वर तारीख, मग गोष्ट, शेवटी त्या दिवशीची 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. पाडव्याला तो आला की आमच्या ओट्यावर बसायचा आणि मी वाचून दाखवायचो. एका वर्षी तो आला आणि पहिल्याच रविवारी टीव्हीपुढे ओरडला, "ही कोण? गीता कुठंय?" मी म्हणालो, हीच गीता. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच तिला कुठं लपवलंय. आम्हाला तोवर सवय झाली होती, त्याला ती एका दिवसात करून घ्यावी लागली. शाळेतही त्याचं तसंच व्हायचं. तो जाताना फळ्यावर साधी बेरीज-वजाबाकी असायची, येताना अपूर्णांक. मधलं काय झालं, ते कुणी सांगत नव्हतं.

पण एक अडचण होती, वीज. ऐन रंगात आलेला भाग आणि फट्‌ दिशी पडदा काळा. मग सगळी पोरं एका सुरात 'अंधेरा कायम रहे' ओरडायची, किल्विषसारखी. कधी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून टीव्हीला जोडायचे, पण तोवर शेवटची पाटी वर सरकत असायची. पुन्हा बघायची सोय नाही. आणि वहीत पान तर भरायचंय.

मग मी भरलं. पहिल्यांदा दोन-चार ओळी. मग अर्धं पान. मग हिंमत वाढली. एका रविवारी सकाळपासून वीज नव्हती, तेव्हा मी अख्खा भागच लिहिला. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या टोळीचा ट्रक उलटायला लागतो, आत पोरं झोपलेली, आणि शक्तिमान फिरत फिरत येऊन ट्रक एका हातानं उचलतो आणि थेट कारखान्याच्या दारात नेऊन ठेवतो. दोस्ताला तो भाग मी तीनदा वाचून दाखवला. त्यानं पुढच्या हंगामात तो कोपीकोपीत जाऊन सांगितला. खरं-खोटं मी बोललो नाही.

सातवीनंतर तो पाडव्याला परत आला, पण शाळेत आला नाही. वही तिथंच थांबते.

मधली वर्षं गाळतो. एप्रिल २०२०. टाळेबंदी. दूरदर्शननं 'रामायण', 'महाभारत' आणि त्यापाठोपाठ 'शक्तिमान' पुन्हा दाखवायला घेतलं. मी पुण्यात घरात कोंडलेला, दुपारी पोरांना घेऊन टीव्हीपुढे बसायचो. माझा दोस्त तेव्हा बायको आणि धाकट्या पोरासह सांगलीकडे फडावर अडकला होता. ऊस संपला, पण जिल्ह्याच्या हद्दी बंद. एक लाखाहून जास्त ऊसतोड मजूर तेव्हा असे अडकले होते. १७ एप्रिलला सरकारनं तपासणी करून त्यांना गावी सोडायचा निर्णय घेतला, तोवर कोपीतच. मी काळजीनं फोन केला. रेशनचं विचारलं, औषधाचं विचारलं. तो म्हणाला, बरं चाललंय, पोरगं मोबाइलवर शक्तिमान बघतंय. आणि मग म्हणाला, "ते आपल्या घाटातलं कधी दाखवणारेत? पोराला सांगून ठिवलंय मी."

माझ्या पोटात खड्डा पडला. "बघू, येईल," असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला.

त्या दसऱ्याला गावी गेलो. तीच डागडुजी, तीच पेटी, तीच वही. एप्रिलनंतर बरेच भाग मी नव्यानं पाहिले होते, म्हणून रात्री बसून पानं ताडून पाहिली. निकाल वाईट लागला. शक्तिमानच्या चुका म्हणून ज्या मी वर्षानुवर्षं मित्रांत हसून सांगायचो, त्यातल्या काही त्यांच्या नव्हत्याच, माझ्या होत्या. एका भागात जॅकालची प्रयोगशाळा जळते आणि पुढच्या भागात ती धडधाकट उभी! ही माझी आवडती चूक. पण ती मीच जाळली होती, वीज गेलेली असताना. वहीतले अकरा भाग पूर्णपणे माझे निघाले. नऊ अर्धेमुर्धे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. टोळी निघायला थोडेच दिवस राहिले होते, दारात कोयत्याला धार लावणं चाललं होतं. मी सगळं सांगून टाकलं. घाटातला भाग नाही, कधीच नव्हता, मी लिहिला होता.

तो बराच वेळ काही बोलला नाही. वही चाळत होता. मग म्हणाला, "ट्रकचा भाग चांगला होता पण." मी हसलो, तोही हसला. मग पानं मोजल्यासारखी अंगठ्यानं फरफर सोडली आणि म्हणाला, "येवढं लिहीत बसलास दर रविवारी. गणिताचं लिहायचं होतंस की रं."

तो रागानं बोलला नाही. चहा आला, आम्ही प्यालो, मुकादमाच्या नव्या ट्रकविषयी बोललो. पण ते वाक्य घरी माझ्याबरोबर आलं आणि अजून आहे. दहा-बारा वर्षांचा मी, मला कळत नव्हतं हे खरं. पण वही, पेन आणि वेळ माझ्याकडे होता हेही खरं. त्यानं जे ध्यानात ठेवायला सांगितलं ते मी ठेवलं. दुसरं काही त्याला हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मास्तरांच्याही आलं नाही. हजेरीत त्याच्या नावापुढे सहा महिने रेघ असायची आणि पाडव्यानंतर पुन्हा 'हजर'. गीतेचा चेहरा बदलला तेव्हा आम्ही निदान ओरडलो तरी होतो.

आता आमच्या भागात हंगामी वसतिगृहं असतात. आईबाप उसाला गेले तरी पोरं गावात राहून शिकावीत म्हणून. त्याची थोरली मुलगी २०२० साली सातवीत होती. ती त्या वर्षी गेली नाही, आजीपाशी राहिली. तिनं शाळा सोडली नाही.

वही मी त्याच्याकडेच ठेवून आलो. धाकट्याला वाचून दाखवतो म्हणाला. "ह्यातलं खरं कुठलं आन्‌ तुझं कुठलं, त्यावर खूण कर," असं मात्र त्यानं बजावलं. म्हणून माझ्या भागांवर लाल पेननं फुल्या मारून दिल्या. घाटातल्या भागावर मारायला गेलो, तर म्हणाला, "त्याला राहू दे."

असो. फार लांबलं.