शिंगांचा व्यूह आणि शिंद्यांचा कंपू

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलांची पारख चालू असताना एका जाणत्या गृहस्थांशी माझा वाद झाला. बैलाच्या शिंगांवरून बोलणे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंच्या व्यूहावर गेले आणि तिथून थेट महादजी शिंद्यांवर आले. त्यांचे म्हणणे असे : झुलूंनी बापजाद्यांचा भाला सोडला नाही, म्हणून त्यांनी इंग्रजांना धूळ चारली. आपण भीमथडीचे तट्टू आणि भाला टाकून फिरंग्यांची कवायत उचलली, म्हणून बुडालो.

हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर लिहायला बसलो नसतो. व्याख्यानांत ते ऐकू येते आणि शिंद्यांचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या श्रीगोंदा तालुक्यातही ते रुजले आहे. ते आले कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. असईला शिंद्यांना हरवल्यानंतर खुद्द इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने असा विचार मांडला होता की, मराठे पायदळाच्या आणि युरोपीय अधिकाऱ्यांच्या नादी न लागता जुन्या पद्धतीने घोडदळावरच लढत राहिले असते, तर इंग्रजांना अधिक जड गेले असते. कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो याचा सूरही तोच होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे केलेले हे निदान आपण दोनशे वर्षे आपलेच समजून चालवतो आहोत.

आधी झुलूंचे पाहू, कारण दाखला तिथलाच दिला जातो. झुलूंचा म्हणून जगाला ठाऊक असलेला आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला, म्हणजे इक्ल्वा, ही फार जुनी वहिवाट नव्हे. झुलूंचा राजा शाका १८१६ च्या सुमारास सत्तेवर आला. तोवर लढाई प्रामुख्याने लांबून भाले फेकून व्हायची. शाकाने ती हातघाईवर आणली. माणूस झाकेल एवढी गाईच्या कातड्याची ढाल, वयोगटानुसार बांधलेल्या पलटणी आणि ‘शिंगांचा व्यूह’ ही त्याच्या फौजेची अंगे होती. मधली छाती शत्रूला भिडते, दोन शिंगे दोन्ही बाजूंनी वेढा घालतात, कंबर राखीव राहते. यातले काही शाकाच्या आधीपासून असेल, पण त्याला राज्याची शिस्त लावली ती शाकाने. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती एका राजाने जुने मोडून केलेली सुधारणा होती.

२२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांची छावणी बुडवली. छावणीच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसे पडली. त्या दिवशी झुलूंच्या हाती नुसते भाले नव्हते. व्यापाऱ्यांकडून आलेल्या हजारो बंदुकाही होत्या. जुन्या आणि नेम न धरणाऱ्या, पण होत्या. पुढे ४ जुलैला उलुंडी येथे इंग्रज चौकोन बांधून, तोफा आणि गॅटलिंग लावून उभे राहिले, तेव्हा तोच व्यूह आणि तेच शौर्य त्या चौकोनापर्यंत पोहोचू शकले नाही. सहा महिन्यांच्या आत राज्य गेले.

आता आपल्याकडे. मराठ्यांचे ‘मूळ’ हत्यार कोणते? दांडपट्टा, भाला, विटा ही नावे लगेच ओठांवर येतात. पण आपल्या सरदारांच्या कमरेची सरळ लांब तलवार ‘फिरंगी’ म्हणवते. तिची पाती युरोपातून येत, आणि परकेपण तिच्या नावातच आहे. शिवाजी महाराजांची ताकद एकट्या घोडदळात नव्हती. मावळ्यांचे पायदळ, किल्ल्यांची साखळी, तोफा आणि आरमार ही सगळी त्यांचीच. बारगीर-शिलेदारांची दौड हे मराठी युद्धाचे एक अंग होते. बाकीची अंगे पुसून त्यालाच पूर्ण देह मानणे हा महाराजांवरच अन्याय आहे.

महादजींनी कवायत हौसेने उचलली नाही. १७६१ साली पानिपतावर त्यांचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले, असे सांगतात. मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी रोहिल्यांची कशी दाणादाण उडवली, हेही त्याच मैदानावर दिसले होते. पुढे महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीला चाकरीस घेतले, कवायती पलटणींचे कंपू उभे केले आणि आग्र्याला तोफा ओतवल्या. दुआबातला मुलूख पगारासाठी लावून दिल्यामुळे शिपायाला वेळेवर पगार मिळू लागला. थकलेल्या रोजमुऱ्यासाठी धरणे धरून बसणाऱ्या फौजा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या एका गोष्टीचे मोल कळेल. पाटण आणि मेडता, दोन्ही १७९० मध्ये, याच कंपूने जिंकले, आणि मेडत्याला समोर राठोडांचे घोडदळ होते.

आणि असई? २३ सप्टेंबर १८०३. वेलस्ली केळणा नदी अनपेक्षित उताराने ओलांडून बगलेवर आला, तेव्हा युरोपीय अधिकारी पोलमनच्या हुकुमावर शिंद्यांच्या पलटणींनी आपली सबंध ओळ फिरवून त्याच्यासमोर उभी केली. कवायत नसती तर तिथेच गोंधळ माजला असता. गोलंदाज तोफांशेजारी मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर मारा करू लागले. वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. उतारवयातही आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून त्याने असईचेच नाव घेतले. त्या दिवशी शिंदे-भोसल्यांचे प्रचंड घोडदळ, म्हणजे ज्याच्या नावाने आज हळहळ केली जाते ते, बहुतांशी बघत उभे होते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळले. ते खरेच आहे. पण यशवंतरावांपाशी पलटणी आणि तोफाही होत्या. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेस इंग्रज सेनापती लेकच्या घोडदळाने लांब मजल मारून पहाटे गाठले, ते यशवंतरावांच्या चपळ स्वारांनाच. केवळ घोड्यावर जगणाऱ्या पेंढाऱ्यांचे १८१७-१८ मध्ये काय झाले, ते सर्वज्ञात आहे.

मग हरलो कशाने? १८०२ मध्ये हडपसरला शिंदे आणि होळकर एकमेकांवर तुटून पडले, पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पुढच्याच ऑगस्टमध्ये शिंद्यांचा नगरचा किल्ला चार दिवसांत गेला. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून कंपूतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडले, आणि मुख्य सेनापती पेराँ सप्टेंबरात स्वतःच लेकच्या स्वाधीन झाला. लासवारीच्या लढाईत त्याच पलटणी अधिकाऱ्यांवाचून इतक्या निकराने लढल्या की लेकने त्यांची मनापासून तारीफ केली. दोष द्यायचाच तर परक्या अधिकाऱ्यांवर विसंबण्याला द्यावा. महादजींनी आग्र्याला तोफांचा कारखाना काढला, पण काष्टी-श्रीगोंद्याकडच्या पोरांना कप्तान करणारी शाळा त्यांनी काढली नाही, आणि त्यांच्यामागून दौलतरावांनीही नाही.